तय्यब मेहतांची तिरकी रेघ

तय्यब मेहतांच्या चित्रासमोर उभं राहिलं की आधी हात-पाय शोधावे लागतात. माणूस असतो, पण तुटलेला, उलटापालटा, तोंड वासलेला.

लंडनमध्ये राहत होते त्या काळात मेहता रंगाचे जाड थर देत. १९६८ मध्ये रॉकफेलर फंडाच्या मदतीने न्यूयॉर्कला गेले, तिथे अमेरिकी चित्रकार बार्नेट न्यूमनची चित्रं पाहिली आणि नंतर सगळं पालटलं. थर गेले, छायाप्रकाश गेला. उरले सपाट रंग आणि मोजक्या रेषा. १९६९ च्या सुमारास कॅनव्हासला आरपार चिरणारी तिरकी रेघ आली. तिच्या एका बाजूला धड, दुसऱ्या बाजूला हात. गोष्ट सांगायची नाही, नुसती जखम दाखवायची.

ती जखम हवेतून आलेली नाही. १९४७ च्या दंगलीत मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर त्यांनी खिडकीतून एका तरुणाला जमावाने ठेचून मारताना पाहिलं होतं. कत्तलखान्यातला जखडलेला बैलही त्यांच्या चित्रांत वारंवार येतो. १९७० च्या 'कूडल' या लघुपटासाठी तर त्यांनी वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रीकरण केलं.

त्यांच्या चित्रांच्या लिलावातल्या किमतींचीच चर्चा जास्त होते. मला मात्र त्यांचं 'रिक्षावाला' हे चित्र बघा म्हणावंसं वाटतं: माणूस कुठे संपतो आणि रिक्षा कुठे सुरू होते, कळतच नाही.