दिल्लीतील जुनी मोठी सेडान : खरेदीपूर्वीचा तपशील

मुदत : राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांस दुजोरा देऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली राजधानी क्षेत्रात, म्हणजे दिल्लीप्रमाणेच गुरुग्राम, फरीदाबाद, नोएडा व गाझियाबाद येथेही, १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांस मज्जाव केला, ऑगस्ट २०२५ मध्ये कारवाईपासून मिळालेले संरक्षण त्याच वर्षी डिसेंबरात बीएस-४ व त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित झाले. बीएस-४ मानक राजधानी क्षेत्रात एप्रिल २०१० पासून लागू असल्याने आरसीवरील उत्पादनाचा महिना प्रथम पाहावा.

वर्ग : होंडा अ‍ॅकॉर्ड, टोयोटा कॅमरी, स्कोडा सुपर्ब. जुनेपणी गाडीची किंमत उतरते. सुट्या भागांची उतरत नाही.

पाणी : जुलै २०२३ मध्ये यमुनेने दिल्लीत २०८.६६ मीटर हा उच्चांक गाठला. बुडालेली गाडी धुऊनपुसून कितीही चकचकीत केली, तरी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला असता त्याच्या तळाशी राहिलेला गाळाचा पट्टा, स्टेपनीच्या खळग्यातील गंज आणि गालिच्याखालचा कुबट वास सहसा लपत नाहीत.

दस्तऐवज :
- हस्तांतर : नमुना २९ व ३०.
- कर्जाचा बोजा उतरविणे : नमुना ३५.
- परराज्यात नेणे : नमुना २८, ना हरकत दाखला.
- महाराष्ट्रात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची गाडी येथे नव्याने नोंदवावी लागते व तिचा मोटार वाहन करही येथेच भरावा लागतो.