आजीबाईंची शाळा

मुलांनो, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाणारी आजी तुम्ही पाहिली आहे का?

ठाणे जिल्ह्यात, कल्याणच्या पुढे मुरबाड तालुक्यात फांगणे हे गाव आहे. तेथील आजींना लहानपणी शाळा मिळाली नव्हती. बँकेत त्या अंगठा उमटवीत. नातवंडे शिकलेली आणि आजी निरक्षर! शिक्षक योगेंद्र बांगर यांनी गावकऱ्यांशी विचारविनिमय केला. दुपारी घरकाम आटोपलेले असते, म्हणून वेळ ठरली २ ते ४. शिकवणारी गावचीच सून. तिची सासूही वर्गात! ८ मार्च २०१६ रोजी शाळा सुरू झाली. गणवेश गुलाबी साडी. ६० ते ९० वर्षांच्या आजी अक्षरे गिरवू लागल्या. घरी अभ्यास घ्यायला नातवंडे होतीच. पुढे त्याच आजी अंगठ्याऐवजी सही करू लागल्या.