मराठी व्याकरणाच्या वाटेने इंग्रजीकडे

साकीनाक्याच्या परिसरात दुकान किंवा लहान कारखाना चालवणाऱ्या अनेक घरांत मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी शाळेत शिकलेले आईवडील मात्र मुलांच्या इंग्रजी व्याकरणाच्या वहीपासून संकोचाने दूर राहतात. हा संकोच अनाठायी आहे.

नाउन म्हणजे नाम, प्रोनाउन म्हणजे सर्वनाम, ॲडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण आणि व्हर्ब म्हणजे क्रियापद. उरलेली चार अव्यये, म्हणजे क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी, हीही ओळखीचीच आहेत. हे साम्य योगायोगाने आलेले नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झाले आणि शब्दांच्या जातींची ही मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीत रुजली.

खरा फरक रचनेत आहे. ‘नोकराने मालकाला पाहिले’ आणि ‘मालकाला नोकराने पाहिले’ यांचा अर्थ एकच, कारण कर्ता व कर्म प्रत्ययांवरून कळतात. इंग्रजीत शब्दांची जागा बदलली की पाहणाराच बदलतो. तेथे आधी कर्ता, मग क्रियापद आणि नंतर कर्म, हा क्रम पाळावाच लागतो.

दुसरा फरक प्रिपोझिशनचा. ‘साकीनाक्याहून मेट्रोने घाटकोपरला जा’ या वाक्यातील ‘हून’, ‘ने’ आणि ‘ला’ नामाच्या शेवटी लागतात. इंग्रजीत त्यांच्या जागी फ्रॉम, बाय आणि टू हे शब्द नामाच्या आधी येतात.

व्यवहारात येथेच सावध राहावे लागते. ‘शुक्रवारपर्यंत माल पोहोचवा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत दुकान बंद राहील’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच ‘पर्यंत’ पुरतो. इंग्रजीत पहिल्या वाक्याला ‘बाय फ्रायडे’ हवे, कारण ती अखेरची मुदत आहे. दुसऱ्याला ‘टिल फ्रायडे’, कारण ती स्थिती तोवर चालू राहणार आहे. ऑर्डरच्या पत्रात यांची अदलाबदल झाली, तर मुदतीवरून वाद उभा राहू शकतो.

एका भाषेच्या आधाराने दुसरी समजून घेण्याची रीत आपल्या परंपरेतही आहे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ या ग्रंथाच्या सात अध्यायांत संस्कृतचे व्याकरण मांडले आणि आठव्या अध्यायात त्याच पायावर प्राकृतचे नियम सांगितले.

रोज संध्याकाळी दुकानातील एक साधे मराठी वाक्य घ्यावे, त्यातील प्रत्येक शब्दाची जात ओळखावी आणि मग मुलांसोबत ते इंग्रजीत मांडावे. उच्चार मुलांनी आईवडिलांना शिकवावेत. व्याकरण आईवडिलांनी मुलांना समजावावे.