तहसील, महसूल, हशील

तहसील, महसूल आणि हशील हे तिन्ही शब्द एकाच मुळातून निघाले आहेत. मूळ अरबी असून त्यात तीनच व्यंजने आहेत: ह, स, ल. पदरात पडणे हा त्यांचा गाभा. जे पदरात पडले ते हासील, जे गोळा केले गेले ते महसूल आणि गोळा करण्याची क्रिया ती तहसील. पुढे ती क्रिया जिथे चालते त्या कचेरीलाच तहसील म्हणू लागले. ‘एवढी धावपळ करून काय हशील?’ असे विचारणाराही शेवटी पदरात काय पडले हेच विचारत असतो.

संस्कृतात धातूच्या आधी उपसर्ग आणि नंतर प्रत्यय लागून नवे शब्द बनतात. अरबीत व्यंजने आपापल्या क्रमाने कायम राहतात आणि त्यांच्या मधले स्वर बदलतात, कधी आधी एखादे अक्षर जोडले जाते. पहिल्या व्यंजनानंतर ‘आ’ आला की तो शब्द करणाऱ्याचा: जुलूम करतो तो जालीम, हुकूम देतो तो हाकीम. आधी ‘म’ आणि दुसऱ्या व्यंजनानंतर ‘ऊ’ आला की शब्द झालेल्या गोष्टीचा. न-ज-र म्हणजे पाहणे. त्यातून कोर्टातला नाझर म्हणजे देखरेख करणारा, आणि मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेले. जुन्या कागदांत ‘मौजे मजकूर’ असे वारंवार येते. त्यातला मजकूर म्हणजे ज्याचा जिक्र, म्हणजे उल्लेख, झाला आहे तो, वर सांगितलेला गाव. आधी ‘त’ आणि दुसऱ्या व्यंजनानंतर ‘ई’ हा साचा क्रियेचा: तहसील, तामील, तपशील. हे तीन साचे ओळखता आले की कचेरीच्या भाषेतले पुष्कळ शब्द एकमेकांचे भाऊबंद म्हणून समोर येतात.

आखाडा बाळापूरसारख्या गावात ही ओळख विशेष उपयोगाची आहे. हे गाव हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात येते, आणि या पत्त्यातले जिल्हा व तालुका हे दोन्ही शब्द अरबी मुळाचे आहेत. जिल्हा ज्या शब्दापासून आला त्याचा अर्थ बरगडी, म्हणून बाजू. तालुका आणि इलाखा यांचे मूळ एकच: जोडलेले असणे, एखाद्याच्या ताब्यात असणे. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून निघाला. त्याआधीची या भागाची कागदपत्रे परभणीच्या नावाने, आणि त्याही मागची निजामाच्या राज्याची. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा मोठा प्रयत्न झाला. मराठवाड्यात मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल राहिला आणि कचेरीची भाषा आधी फारसी, मग उर्दू होती. अरबी मुळांचे शब्द या दोन भाषांच्या वाटेनेच इथे रुजले.

यातले सर्वांत श्रीमंत कुटुंब फ-स-ल या मुळाचे आहे. अर्थ वेगळे करणे, तोडणे. वर्षाचा वेगळा काढलेला भाग म्हणजे हंगाम, आणि त्या हंगामाचे पीक ती फसल. दोन ठिकाणांमधले अंतर तो फासला. वादातले खरे आणि खोटे वेगळे करणारा निकाल तो फैसला. एकेक गोष्ट सुटी करून सांगणे तो तपशील, आणि हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरचा वाटतच नाही. पिकाच्या हंगामावर बसवलेले महसुली वर्ष ते फसली साल. हैदराबाद राज्याचे दप्तर याच सालाने चाले. त्या आकड्यात सुमारे ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. कागदावर १३५८ फसली असेल तर तो १९४८-४९ चा. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन महसुली दप्तरे तपासायला घेतली, तेव्हा उर्दू, फारसी आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांनाच जाणवली. लिपी शिकल्यावरही शब्दांची कुटुंबे माहीत असतील तरच अशा दप्तरांतल्या ओळी लवकर उलगडतात.

देवनागरीत मात्र फसगत होऊ शकते. अरबीतले पाच वेगवेगळे वर्ण मराठीत ‘ज’ किंवा ‘झ’ होतात. म्हणून नजर आणि नजराणा सख्खे वाटतात, पण नजराण्याच्या मुळातला ‘ज’ निराळा आहे आणि त्याचा अर्थ नवस, अर्पण असा होतो. उलट अंमल, मामलेदार आणि तामील परके दिसतात, तरी ते एकाच घरचे आहेत. त्यांच्या मुळाचे पहिले व्यंजन घशातून उच्चारले जाते. मराठीत तो ध्वनी नसल्यामुळे तिथे नुसता स्वर उरला.

हीच मुळे पश्चिमेला स्पेनमध्येही पोहोचली. तिथे ७११ पासून १४९२ पर्यंत कुठे ना कुठे अरबी बोलणाऱ्यांची सत्ता होती. स्पॅनिश लोकांनी हे शब्द थेट बोलण्यातून उचलले, म्हणून अरबीतला ‘अल्’ पुष्कळदा शब्दाला चिकटून आला. मराठीला ते फारसीमार्फत मिळाले, त्यामुळे तो सुटला. आपल्या खजिन्याच्या मुळातूनच तिकडे आल्मासेन म्हणजे कोठार हा शब्द आला, आणि इंग्रजीतले मॅगझिनही त्याच मुळाचे. काजी आल्काल्दे झाला. आज स्पेनमध्ये नगराध्यक्षाला तसे म्हणतात. वजिराचा आल्ग्वासील झाला आणि तो कोर्टाचा हुकूम बजावणाऱ्या शिपायापर्यंत खाली उतरला. दर दाखवणारा तारीफा आणि मराठीतली तारीफ ही एकाच ‘ओळख करून देणे’ या अर्थाची दोन टोके. फलाणा तर जवळजवळ जसाच्या तसा फुलानो म्हणून बोलला जातो.

शेतकऱ्याच्या रोजच्या दोन शब्दांनाही स्पेनमध्ये नातलग आहेत. रब्बी म्हणजे अरबीत वसंत, कारण ते पीक वसंतात निघते. अरबी कोशांत हा शब्द ‘चार’ या संख्येच्या मुळाखालीच येतो, आणि त्याच मुळातल्या ‘चौथा हिस्सा’ या शब्दापासून स्पॅनिश आरोबा हे वजन आले: जुन्या किंताल या मापाचा चौथा भाग, सुमारे साडेअकरा किलो. ईमेलच्या पत्त्यातल्या चिन्हाला स्पॅनिशमध्ये आजही आरोबाच म्हणतात. किंताल हे अरबी किंतार, आणि किंतार हे लॅटिनमधल्या ‘शंभर’पासून निघालेले. मोंढ्यात सोयाबीनचा आणि हळदीचा भाव ज्यावर सांगतात तो क्विंटल हाच.