बचावफळीतले न्यायमूर्ती

अ‍ॅलन पेज यांचा जन्म १९४५ चा, ओहायोतल्या कँटनचा. अमेरिकन फुटबॉलचं ‘हॉल ऑफ फेम’ याच गावात आहे. पोरवयात त्यांनी त्या इमारतीच्या बांधकामावर काम केलं आणि १९८८ मध्ये तिथेच सन्मानाने दाखल झाले. मिनेसोटा वायकिंग्ज संघाकडून खेळताना १९७१ चे सर्वोत्तम खेळाडू ठरले. बचावफळीतल्या कुणाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. खेळता खेळताच १९७८ मध्ये कायद्याची पदवी घेतली. १९९३ ते २०१५ मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती. तिथले पहिले कृष्णवर्णीय. त्यांच्या ‘पेज एज्युकेशन फाउंडेशन’ची शिष्यवृत्ती फुकट नसते : ती घेणाऱ्या विद्यार्थ्याने शाळकरी मुलांना अभ्यासात हात द्यायचा.