ऊसरसातील साखर आणि रासायनिक अभिक्रियेचा वेग

प्रस्तावना :
अभिक्रियाकारकांचे स्वरूप, कणांचे आकारमान, संहती, तापमान व उत्प्रेरक हे अभिक्रियेच्या वेगावर परिणाम करणारे घटक होत. ते सुट्या उदाहरणांनी शिकविल्यास त्यांचा परस्परसंबंध विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. प्रस्तुत लेखात संहती, तापमान व उत्प्रेरक यांचा विचार सुक्रोजच्या जलीय विच्छेदनाच्या आधारे केला आहे. या अभिक्रियेत सुक्रोजपासून ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात आणि साखर कारखान्यास तेवढ्या साखरेला मुकावे लागते.

१. संहती :
जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये ध्रुवणमापीच्या साहाय्याने ही अभिक्रिया अभ्यासली. कोणत्याही क्षणी अभिक्रियेचा वेग त्या क्षणी शिल्लक असलेल्या सुक्रोजच्या संहतीशी समप्रमाणात असतो, असे त्यांना आढळले.

२. तापमान :
तापमान वाढल्याने रेणूंच्या टकरी वाढतात व म्हणून वेग वाढतो, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. २५ अंश सेल्सिअसवरून ३५ अंशांपर्यंत तापमान वाढविल्यास वायूतील रेणूंच्या टकरींची वारंवारिता दोन टक्क्यांहूनही कमी वाढते. सुक्रोजच्या विच्छेदनाचा वेग मात्र सुमारे चौपट होतो. स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये याच अभिक्रियेचा आधार घेऊन याचे कारण मांडले. ठरावीक किमान ऊर्जा, म्हणजेच सक्रियण ऊर्जा, असलेले रेणूच अभिक्रिया करतात आणि तापमानाबरोबर अशा रेणूंचे प्रमाण झपाट्याने वाढते. येथे ही ऊर्जा सुमारे १०८ किलोजूल प्रतिमोल आहे. सबब 'दर दहा अंशांस वेग दुप्पट' हा नियम नसून केवळ स्थूल अंदाज होय.

३. उत्प्रेरक :
उत्प्रेरक कमी सक्रियण ऊर्जेचा पर्यायी मार्ग उपलब्ध करून देतो. तोडलेल्या उसात इन्व्हर्टेज हे विकर हे कार्य करते. म्हणूनच गाळपास विलंब झाल्यास साखर घटते. रस तापविल्यावर विकर निष्क्रिय होते. परंतु रस मुळात आम्लधर्मी असल्याने उष्णतेमुळे आम्ल-उत्प्रेरित विच्छेदन बळावते. यास्तव रसात चुना मिसळून त्याचा सामू ७ च्या आसपास आणतात. सामू ५ वरून ७ झाल्यास हायड्रोजन आयनांची संहती शंभरावा हिस्सा उरते व त्या प्रमाणात हे विच्छेदन मंदावते. चुना अधिक झाल्यास मात्र ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे विघटन होऊन रसाचा रंग गडद होतो.

समारोप :
तापमान विकरास रोखते, तर आम्लास साहाय्य करते. यावरून वेगाचे घटक एकमेकांपासून अलग नसून त्यांचा एकत्रित विचार आवश्यक आहे, हे स्पष्ट होते. महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यातील महाविद्यालयांना हे उदाहरण अध्यापनासाठी सहज उपलब्ध आहे.