मनोरीत पाऊस आडवा येतो तेव्हा: घराचं ‘कवच’ पाणी, मीठ आणि वारा कसं अडवतं?

मालाडच्या मार्वे जेट्टीवरून बोट पकडली की खाडी ओलांडून काही मिनिटांत मनोरी येतं. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला थेट अरबी समुद्र. शनिवार-रविवारी येणाऱ्यांना इथे माड आणि किनारा दिसतो. बारा महिने इथेच राहणाऱ्या कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांना मात्र पावसाळ्यापूर्वी आधी आठवतं ते छप्पर. कौल सरकलंय का? पत्र्याचे हुक गंजलेत का? गच्चीला भेग गेली आहे का?

कारण किनाऱ्यावर पाऊस नुसता वरून पडत नाही, तो वाऱ्यासोबत आडवा येतो. त्या पाण्यात आणि हवेत मीठ असतं. म्हणूनच भिंतीला दरवर्षी नवा रंग लावूनही ओल पुन्हा वर येते, गिलाव्याचे पोपडे निघतात आणि एके दिवशी स्लॅबचा तुकडा खाली पडतो. हे का होतं, हे समजून घ्यायचं तर घराच्या ‘कवचा’कडे बघावं लागेल.

कवच म्हणजे नेमकं काय?

माणसाला सांगाडा असतो आणि वर कातडी असते. इमारतीचंही तसंच. पाया, खांब, बीम आणि स्लॅब हा सांगाडा. तो भार पेलतो. छप्पर, बाहेरच्या भिंती, खिडक्या, दारं, जोतं आणि या सगळ्यांमधले सांधे हे कवच. ते बाहेरचं हवामान बाहेर ठेवतं.

जुन्या घरांत हा फरक नसायचा. जाड दगडी किंवा विटांची भिंतच छपराचा भार घ्यायची आणि पाऊसही अडवायची. मनोरीच्या शेजारी गोराईला असलेला ग्लोबल विपश्यना पॅगोडा हे त्याचंच भव्य उदाहरण. तिथला दगडी घुमट आतून एकाही खांबाशिवाय उभा आहे, म्हणजे जे कवच तोच सांगाडा.

आजच्या आरसीसी घरांत दोन्ही कामं वेगळी झाली. पण गच्चीचा स्लॅब अजूनही दोन्ही करतो. त्यामुळे तिथे कवचात बिघाड झाला की तो थेट सांगाड्यापर्यंत पोहोचतो.

किती पाण्याशी सामना असतो?

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मुंबई उपनगरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे ५०० चौरस फुटांच्या छपरावर एका मोसमात ९० हजार लिटरहून जास्त पाणी पडतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या हिशोबाने तेवढ्याच छपरावर एका दिवसात जवळपास ४४ हजार लिटर.

यातलं बहुतेक पाणी वाहून जातं. घराला त्रास देतं ते मागे रेंगाळणारं पाणी.

पाणी आत येतं कसं?

गळतीसाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: पाणी, वाट आणि त्या वाटेने पाणी ढकलणारा जोर. तिन्हींपैकी एक जरी काढली तरी गळती थांबते. जोर मात्र वेगवेगळ्या प्रकारचा असतो.

• गुरुत्वाकर्षण: पाणी उताराने खाली येतं. गच्चीला उतार नसेल तर ते साचतं आणि भेग शोधतं.

• वारा: वाऱ्यामुळे भिंतीच्या बाहेर दाब वाढतो आणि आत कमी राहतो. या फरकामुळे खिडकीच्या चौकटीतल्या बारीक फटीतूनही पाणी आत खेचलं जातं.

• केशाकर्षण: चहात बिस्किटाचं टोक बुडवलं की चहा वर चढतो. वीट आणि गिलावाही जमिनीतलं पाणी असंच वर ओढतात. जोत्यात ओल अडवणारा थर नसेल तर ही ओल भिंतीत साधारण मीटरभर उंच चढू शकते.

• चिकटून वाहणं: छज्ज्यावरून ओघळणारं पाणी खाली पडायच्या ऐवजी त्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे येतं. म्हणून छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच ठेवतात. तिथे थेंब तुटतो आणि खाली पडतो. एवढीशी खाच विसरली तर खिडकीच्या वरची भिंत कायम ओली राहते.

जुन्या घरांची युक्ती

कोकण किनाऱ्यावरची जुनी घरं बघितली तर त्यात एक ठरलेला क्रम दिसतो. तीव्र उताराचं छप्पर, भिंतीच्या बरीच पुढे आलेली वळचण, पाऊस भिंतीपर्यंत पोहोचू न देणारी पडवी आणि जमिनीपासून उचललेलं जोतं. वाऱ्याच्या बाजूला पावसाळ्यापुरती झापं बांधायची.

१८६० च्या दशकात मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना सुरू केला आणि पुढे मंगलोरी कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोहोचली. या कौलांना खाचा असतात, त्या एकमेकांत बसतात आणि पाणी एका कौलावरून दुसऱ्यावर उतरत पागोळ्यांतून खाली येतं.

यातली खरी गंमत म्हणजे हे छप्पर हवाबंद नसतं. थोडं पाणी झिरपलं तरी फटींमधून हवा खेळते आणि लाकूड वाळतं. पाणी वळवा, वाहू द्या आणि जे आत आलं ते वाळू द्या, हा त्यामागचा विचार. त्याची किंमतही होती. दरवर्षी शाकारणी करावी लागायची, फुटकी कौलं बदलावी लागायची, वासे आणि रिपांना वाळवी लागायची. माकडं किंवा वारा एक कौल सरकवून गेला की खाली भांडं ठेवावं लागायचंच.

सपाट गच्चीचं गणित

सपाट स्लॅब आला आणि पाणी वळवण्याचं सगळं काम गच्चीवरच्या काही इंचांच्या थरावर आलं. मुंबईत यासाठी ब्रिकबॅट कोबा करतात. स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात बसवून उतार काढतात, साधारण दर १०० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. गच्ची आणि पॅरापेट भिंत जिथे मिळते, तिथे ‘वाटा’ म्हणजे गोलाकार कोपरा काढतात, कारण काटकोनातल्या सांध्यालाच पहिली भेग जाते.

गच्ची दुपारी तापते, सरीने अचानक थंड होते. त्यामुळे ती प्रसरण आणि आकुंचन पावत राहते. काही वर्षांनी कोब्याला बारीक भेगा जातात आणि पाणी विटांच्या तुकड्यांमध्ये मुरून बसतं. पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस छत टपकत राहतं, त्याचं कारण हेच.

इथे एक धोकादायक शॉर्टकट मारला जातो. जुना कोबा न काढता त्यावरच नवा कोबा टाकला जातो. चार इंच जाड कोब्याचं वजन प्रति चौरस मीटर साधारण २०० किलो भरतं. भारतीय मानकानुसार वावर असलेल्या गच्चीवर माणसं, सामान वगैरेंसाठी धरला जाणारा भार आहे प्रति चौरस मीटर १५० किलोच्या आसपास. म्हणजे गळती थांबवण्यासाठी टाकलेला एक जादा थर स्लॅबला दिलेली सगळी सूट खाऊन वर आणखी भार टाकतो.

किनाऱ्यावरचा खरा शत्रू: मीठ

मनोरीसारख्या ठिकाणी समुद्राचे तुषार वाऱ्याबरोबर घरांपर्यंत येतात. पाणी सुकतं, मीठ भिंतीत राहतं. हे मीठ दोन प्रकारे त्रास देतं.

पहिला प्रकार ओलीचा. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाची बरणी ओली होते, तसंच. किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ याहून जास्त असते. त्यामुळे कुठेही गळती नसताना भिंत ओली दिसू शकते. तिच्यावर येणारा पांढरा भुरभुरीत थर म्हणजे लोणा. न धुतलेली खारी रेती गिलाव्यात वापरली असेल तर हे मीठ घर बांधतानाच आत आलेलं असतं.

दुसरा प्रकार जीवघेणा. काँक्रीटमधल्या क्षारयुक्त वातावरणामुळे आतल्या सळ्यांवर एक संरक्षक पापुद्रा तयार होतो. मिठातलं क्लोराइड आत शिरलं की तो फाटतो आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहापट जागा घेतो. आतून दाब येतो, काँक्रीट तडकतं आणि त्याची खपली सुटते. स्लॅब पडण्याची सुरुवात अनेकदा अशी आतून झालेली असते.

म्हणून ‘आयएस ४५६’ या भारतीय मानकात किनाऱ्यासाठी वेगळे नियम आहेत. किनारी हवेत उघड्या आरसीसी कामासाठी किमान एम-३० काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं कव्हर, तर थेट समुद्राचे तुषार झेलणाऱ्या भागासाठी एम-३५ आणि ५० मिलिमीटर कव्हर सांगितलंय. घर बांधताना सळईखाली योग्य मापाचे कव्हर ब्लॉक ठेवलेत की नाही, हे स्लॅब ओतायच्या आधी दहा मिनिटांत बघता येतं. नंतर ते कधीच दिसत नाही.

एसी लावला आणि भिंतीला बुरशी आली?

पावसाळ्यात बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा साधारण २५ अंशांच्या पृष्ठभागाला लागताच तिच्यातलं पाणी बाहेर पडतं. थंड बाटलीला घाम फुटतो तसं. खोली एसीने २२ अंशांवर नेली की भिंतीची आतली बाजू त्या २५ अंशांहून थंड होऊ शकते. बाहेरची दमट हवा फटींमधून तिथपर्यंत पोहोचली की ओल धरते.

थंड देशांत बाष्प आतून बाहेर जातं, आपल्याकडे एसीच्या खोलीत ते बाहेरून आत येतं. त्यामुळे आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा वॉलपेपर किंवा हवा न जाऊ देणारा जाड रंग लावला, तर ओल त्यामागे अडकते. डाग झाकला जातो आणि बुरशी मागे वाढत राहते.

आणि वारा?

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचा झोत नोंदवला गेला. एवढा वारा प्रति चौरस मीटर साधारण ६० किलोचा दाब टाकू शकतो. छपराच्या बाबतीत हा जोर बऱ्याचदा खाली दाबत नाही, वर उचलतो. कडांना आणि कोपऱ्यांना सगळ्यात जास्त.

दहा बाय दहा फुटांच्या पत्र्याचं वजन ४०-५० किलो. त्याला उचलणारा जोर मात्र साडेपाचशे किलोपर्यंत जाऊ शकतो. नेमका आकडा उतार, उंची आणि आजूबाजूच्या आडोशावर ठरतो, पण पत्रा स्वतःच्या वजनाने टिकत नाही एवढं नक्की. त्याला टिकवतात हुक, आणि किनाऱ्यावर सगळ्यात आधी गंजतात तेही हुकच. मानकानुसार मुंबईत इमारतींसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला जातो. तौक्तेपेक्षा बराच जास्त.

पावसाआधी काय बघायचं?

• पन्हाळी आणि गच्चीची पाणी जायची भोकं साफ करा. शक्य असेल तर गच्चीवर एक-दोन दिवस थोडं पाणी साचवून खालचं छत तपासा.

• पत्र्याचे हुक आणि वॉशर, कडेची कौलं आणि खिडकीच्या चौकटीचे सांधे बघा.

• पाणी बाहेरूनच अडवा. आतून लावलेलं वॉटरप्रूफिंग डाग लपवतं, भिंत ओलीच राहते.

• छतावर सळईच्या रेषेत सरळ भेग, तांबूस डाग किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर रंगाऱ्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा.

• सोसायटीत राहत असाल तर लक्षात ठेवा: राज्याच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी पावसाची गळती आणि त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या छताचं झालेलं नुकसान दुरुस्त करायचा खर्च सोसायटीचा असतो.

• इमारतीला ३० वर्षं झाली असतील, तर मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे.

ओलीचा डाग दिसला की बहुतेकांचा हात रंगाच्या डब्याकडे जातो. पण तो डाग म्हणजे घराने दिलेली सूचना आहे. पाणी कुठून आलं आणि वाळायला त्याला वाट आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं आधी शोधली तर दुरुस्ती काही हजारांत आटोपू शकते. रंगाखाली झाकत राहिलं, तर तीच ओल सळईपर्यंत पोहोचते.